संकल्पातला एक शब्द

मुलांनो,

आजोबांच्या वर्षश्राद्धाला तुम्ही तिघं तिकडून कॅमेऱ्यासमोर बसला होतात. पानं उठल्यावर पाठशाळेतली मंडळी एकेक करून त्यांच्याविषयी बोलली आणि प्रत्येकाने तेच सांगितलं, की शास्त्रीजी जन्मात कधी खोटं बोलले नाहीत. सगळे उठून गेल्यावर तुमच्यातल्या धाकट्याने मला विचारलं, "आजी, खरंच? एकदासुद्धा नाही?" मी म्हटलं, आता झोप, तुझ्याकडे उशीर झाला असेल.

एकदा बोलले होते. मी तेव्हा शेजारीच बसले होते. ते असेपर्यंत हे लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि गेल्यावरचं वर्षही पाळलं. आता पाळण्यासारखं काही उरलं नाही, आणि माझे डोळे पुढच्या वर्षी काय म्हणतील याचा भरवसा नाही. म्हणून आज लिहिते. आयुष्यभर मुलींना इंग्रजी निबंध शिकवला, तेव्हा क्रमाने सांगते.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही काशीत ब्रह्माघाटावर, तुमचे बाबा ज्या घरात वाढले तिथेच राहत होतो. ते मुंबईला नोकरीला लागले होते. आजोबा पाठशाळेत शिकवत आणि सहसा कोणी करत नाही असे विधी त्यांच्याकडे येत. माघातल्या एका सकाळी दारात एक गृहस्थ उभे राहिले. पांढरं धोतर, अंगावर शाल, कपाळावर भस्माचे पट्टे. श्रीलंकेच्या उत्तरेकडचे तमिळ, तिथल्या एका देवळाचे पुजारी. त्यांच्यामागे दोन पायऱ्या खाली त्यांची मुलगी उभी होती. वीस वर्षांची. केस मुलासारखे कापलेले.

त्यांना हिंदी येत नव्हतं, आम्हाला तमिळ येत नव्हतं. त्यांचं इंग्रजी जुन्या पद्धतीचं, सावकाश. म्हणून मला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं गेलं आणि मी दुभाषी झाले.

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. तिकडे लढाई चालू होती. मुलगी तेरा वर्षांची असताना जंगलातले लढणारे लोक तिला घेऊन गेले, तिच्या हातात बंदूक दिली. पुढे ती मेल्याची बातमी आली. प्रेत मिळालं नाही. म्हणून वडिलांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं दहन केलं, दिवस घातले, दरवर्षी श्राद्ध करू लागले. आणि आता ती जिवंत निघाली. तिथून पळून, होडीतून समुद्र ओलांडून, आपल्याकडच्या निर्वासितांच्या छावणीत पोचली होती, आणि ते कळल्यावर तेही इकडे आले होते.

"मॅडम," ते मला म्हणाले, "शास्त्राप्रमाणे ती मेलेली आहे. मी तिला घरात कसं घेऊ?"

ऐकायला हे क्रूर वाटतं. पण अशा माणसासाठी एक विधी आहे आणि तो मला आजही सुंदर वाटतो. मेला असं समजून ज्याची क्रिया केली तो परत आला, तर त्याने पुन्हा जन्म घ्यायचा. तुपाच्या कुंभात बसायचं, त्यातून बाहेर यायचं, न्हायचं. मग नवजात बाळासारखं त्याचं जातकर्म, नाव ठेवणं, सगळं पहिल्यापासून. त्याआधीचं आयुष्य मागे राहतं. आजोबांनी हा विधी वाचला होता, केला कधीच नव्हता. त्यांचे डोळे चमकले ते मला दिसलं.

काशीत तमिळ पुरोहित भरपूर आहेत, त्यांच्याकडे का गेला नाहीत, असं मी विचारलं. गृहस्थ म्हणाले, त्यांच्याकडून गोष्ट गावापर्यंत पोचेल, धाकट्या मुलीचं लग्न ठरलं आहे. मला ते पटलं.

विधी होईपर्यंत बाप-लेकीने एका छपराखाली राहायचं नव्हतं. ते धर्मशाळेत उतरले आणि ती आमच्याकडे राहिली.

ती मला 'टीचर' म्हणायची. त्यांच्याकडे तशी पद्धत आहे. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. कामाला वाघ. मटरचे दिवस होते, आम्ही छतावर उन्हात शेंगा सोलत बसायचो.

"टीचर, तुम्ही फार हळू सोलता," ती म्हणायची. "तेवढ्यात शत्रू येऊन जेवून जाईल."

"शत्रूला म्हणावं, भात अजून व्हायचाय."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. पण पलंगावर झोपायची नाही. भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून, बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. एकदा छतावरच्या पत्र्यावर माकडाने धाडकन उडी मारली आणि पुढच्या क्षणी मी जमिनीवर पालथी होते, ती माझ्या अंगावर, माझं डोकं तिच्या दोन्ही हातांखाली. मटर सगळीकडे सांडले होते. समोरच्या छतावरून शेजारच्या वहिनी ओरडल्या, "काय हो, अखाडा काढलात का घरात?" मी पडल्या पडल्याच म्हटलं, "हो, तुम्ही पण या." तिला मराठी कळलं नाही, पण ती उठून बसली आणि कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"मला वाटलं गोळा पडला," ती म्हणाली. "सॉरी, टीचर."

मला वाचवायला कोणी असं स्वतःचं अंग आडवं घातलं नव्हतं, मुलांनो. तुमच्या आजोबांनीही नाही.

तिचं बोलणं एकाच गोष्टीपाशी येऊन थांबायचं. विधी झाला की अप्पा घरी नेतील. बहिणीच्या लग्नात ती स्वतः तिच्या केसांत मोगरा माळणार. "मी मेले तेव्हा ती इतकीशी होती," असं ती सहज म्हणायची, जसं आपण म्हणतो, मी कॉलेजात होते तेव्हा.

विधीच्या आदल्या दिवशी आम्ही चौघं पंचगंगा घाटावर गेलो. आजोबा आणि ते गृहस्थ पुढे, मी आणि ती मागे. त्या पायऱ्या उभ्या आहेत, मला सावकाश उतरावं लागतं. पुढे दोघांचं संस्कृतात चाललं होतं. एकमेकांशी संस्कृत बोलता येतं हे दोन दिवसांपूर्वी त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि आजोबा खुशीत मला म्हणाले होते, "चला, आता तुमची सुटका. उच्चार त्यांचे जरा तिखट आहेत, पण भाषा शुद्ध." मलाही बरंच वाटलं होतं. मला संस्कृत येत नाही. शास्त्र्याची बायको असून येत नाही, याची सासरी पुष्कळ थट्टा झाली होती. त्या दिवशी पुढचे आवाज खाली गेले, एकदा आजोबा थबकले, मागे वळून आमच्याकडे पाहिलं आणि परत चालू लागले. मला वाटलं, मी मागे पडले म्हणून पाहिलं.

विधी आमच्या आंगनात झाला. पाठशाळेच्या रसोईतून मोठा तांब्याचा हंडा आणला होता. या विधीला आई लागते. तिची आई वारली होती, म्हणून आईच्या पाटावर मी बसले.

सुरुवातीला संकल्प. वडिलांनी उजव्या हातात गंगेचं पाणी घेतलं. आजोबा एकेक शब्द सांगत गेले आणि ते म्हणत गेले. देश, काळ, गोत्र, नाव, आणि मग विधीचं कारण: 'मृतेति भ्रान्त्या'. वडिलांनी ते स्पष्ट म्हटलं. ती हंड्याजवळ ओल्या वस्त्राने उभी होती आणि बापाच्या ओठांकडे बघत होती. मला वाटलं, किती भक्ती. तो शब्द झाला आणि तिने डोळे मिटून घेतले.

मग ती हंड्यात बसली. तिच्या डोक्यावरून, खांद्यांवरून तूप ओघळलं. वर पांढरं वस्त्र धरलं. आजोबांनी खूण केली तशी मी दोन्ही काखांत हात घालून तिला बाहेर ओढलं. ती तुपाने निसटत होती, मी पडता पडता वाचले, आणि मला रडू आलं. तुमच्या बाबांच्या वेळी सगळं सासूबाईंनी केलं होतं, मी खोलीत निजून होते. इथे मी सोन्याच्या अंगठीने मध-तूप तिच्या जिभेला लावलं. तिचं नाव तिच्या कानात सांगितलं. माझ्या मांडीवर वीस वर्षांची मुलगी होती आणि तिच्या दंडावर गोळी घासून गेल्याचा व्रण होता.

त्या रात्री ती आडवी झोपली. सकाळी उन्हं छतावर आली तरी उठली नव्हती.

"अहो, गुण आला," मी आजोबांना म्हटलं. "पाय पसरून झोपली आहे पोर."

"हं," ते म्हणाले आणि पंचांग चाळत राहिले.

ती उठली, चहा घेतला, कप विसळून पालथा घातला. मग विचारलं, "टीचर, भ्रांती म्हणजे काय?"

"गैरसमज," मी म्हटलं. "तेवढा शब्द आमच्या मराठीतही आहे. तू मेलीस अशा गैरसमजाने त्यांनी क्रिया केली, असं कारण सांगितलं काल."

"गैरसमज नव्हता."

मी हातातला कप खाली ठेवला.

"टीचर, मी सात वर्षांची असल्यापासून अप्पांनी मला संस्कृत शिकवलं. भाऊ पळून जायचा म्हणून मला बसवायचे. रोज पहाटे. ते विसरले." ती हसली, पण मटर सोलताना हसायची तशी नाही. "परवा घाटावर ते दोघं बोलत होते ते सगळं मला कळलं."

तिने सांगितलं ते असं. जंगलातल्या लोकांनी दर घरातून एक मूल मागितलं होतं. वडिलांनी भावाला ठेवून हिला पुढे केलं. वर्षभराने हिने एका माणसाबरोबर निरोप पाठवला, मी जिवंत आहे, मला सोडवा. निरोप पोचला. त्यानंतर महिन्याभरात त्यांनी पुतळा जाळला. सैन्याची माणसं घरी येऊन लढणाऱ्या मुलीची चौकशी करायची, मेलेल्या मुलीची करायची नाहीत.

"अप्पा म्हणाले, 'जानन्नेव'. जाणूनच केलं. तुमच्या शास्त्रीजींना तसं स्पष्ट सांगितलं. तेव्हा ते थांबले, मागे वळून पाहिलं आपल्याकडे."

"आणि काय म्हणाले?"

"म्हणाले, उद्या संकल्पात 'भ्रान्त्या' असंच म्हणा."

"हे सगळं ऐकून तू काल बसलीस?"

"मला पाहायचं होतं," ती म्हणाली. "हातात गंगेचं पाणी घेऊन म्हणतात का ते."

मी खाली गेले. आजोबा लिहीत बसले होते.

"अहो, त्या माणसाला मुलगी जिवंत असल्याचं ठाऊक होतं?"

त्यांनी लेखणी ठेवली. "तुला कोणी सांगितलं?"

असं नाही, हे ते म्हणाले नाहीत. कोणी सांगितलं, हे विचारलं. पंचवीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्या शब्दावर डोळे मिटून चालले होते, आणि त्या एका प्रश्नाने ते संपलं.

"यजमानाने विश्वासाने सांगितलं होतं," ते म्हणाले. "ते तुला कसं सांगणार?"

"मी तिची आई म्हणून पाटावर बसले. मला नाही सांगायचं, मग कोणाला?"

"तुला संस्कृत येत नाही, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही."

"मराठी येतं मला."

तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. जाणूनबुजून जिवंत माणसाची क्रिया केली, तर शास्त्रात त्याला घटस्फोट म्हणतात. तुम्हाला हा शब्द कोर्टातला वाटेल. त्याचा जुना अर्थ वेगळा आहे. ज्याला कुळातून टाकायचं, त्याच्या नावाने पाण्याचा घडा भरून पायाने लवंडायचा. त्या दिवसापासून तो घरच्यांना मेला. त्याला परत घ्यायचं तर पुनर्जन्म चालत नाही. ज्यांनी टाकलं त्यांनीच त्याच्याबरोबर तीर्थात उतरायचं, एकत्र स्नान करायचं आणि नवा भरलेला घडा पाण्यात सोडायचा.

"मग ते करायचं," मी म्हटलं.

"तो उतरणार नाही. उतरणं म्हणजे चारचौघांत कबूल करणं. त्यापेक्षा एका शब्दाने पोर घरी जात होती. तू विचार कर. मी काय वाईट केलं?"

मी विचार केला. मुलांनो, त्यानंतरही पुष्कळ वर्षं केला. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. त्या शब्दावर ती खरंच घरी गेली असती, बहिणीच्या केसांत मोगरा माळला असता. पण तो निवाडा त्यांनी तिला न विचारता केला, आणि माझे हात वापरून केला.

मी वर जाऊन तिला दोन्ही वाटा सांगितल्या. "तू गप्प राहिलीस तर उद्या घरी जाशील," मी म्हटलं. "तुझा निर्णय."

ती म्हणाली, "अप्पांना पाण्यात उतरायला सांगा."

आजोबांनी निरोप दिला. गृहस्थ हो म्हणाले.

घडा मी गल्लीतल्या कुम्हाराकडून आणला. दुसऱ्या सकाळी पंचगंगेवर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. ती पाण्यात कमरेपर्यंत उतरली, घडा भरून छातीशी धरला आणि वळून उभी राहिली. वडील कोरड्या पायरीवर थांबले. मग खालच्या आवाजात, संस्कृतात, आजोबांशी काहीतरी बोलू लागले.

पाण्यातून तिने उत्तर दिलं. संस्कृतात. खणखणीत, पाठ म्हटल्यासारखं.

वडिलांचा चेहरा मी विसरणार नाही. आजोबांचाही. दोन विद्वान, आणि दोघांनाही एकाच वेळी कळलं की त्या दिवशी घाटावर तिसऱ्याने ऐकलं होतं. एक नावाडी नाव सोडता सोडता थांबून बघायला लागला.

"काय म्हणाली?" मी आजोबांना विचारलं.

"म्हणाली, अप्पा, गुडघ्यापर्यंत तरी या."

ते आले नाहीत. माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, माझी छाती नाजूक आहे. तिला सांगा, हे सोडून दे आणि माझ्याबरोबर चल. विधी झालेला आहे." मला सांगायची गरज नव्हती, तिला इंग्रजी येत होतं. ती तशीच उभी राहिली. तिचे ओठ निळे पडायला लागले होते.

मी चपला काढल्या.

"कुठे निघालीस?" आजोबा म्हणाले.

"परवा मी तिची आई झाले आहे. नातेवाइकाने उतरायचं ना? मी उतरते. तुम्हीही चला."

"ते लागू पडत नाही," ते म्हणाले. अगदी शांतपणे, वर्गात सांगावं तसं. "संकल्पच असत्य होता, म्हणून तो विधी झालाच नाही. त्यामुळे तू तिची कोणी नाहीस."

"संकल्प तुम्ही सांगितला होतात."

ते वरच्या पायरीवर, कोरड्या धोतरात, हात मागे बांधून उभे राहिले. लग्नात माझा हात ज्यांच्या हातात दिला होता ते, आणि पोटच्या मुलीला टाकणारा तो माणूस, दोघं एकाच पायरीवर उभे होते. मला त्या क्षणी दोघांत फरक दिसेना.

पाणी इतकं गार होतं की माझा श्वास अडला. तिने एका हाताने मला धरलं. आम्ही दोघींनी तीन बुड्या मारल्या, नाकातोंडात पाणी गेलं, ती खोकली, मी खोकले. मग घडा दोघींनी मिळून पाण्यात सोडला. तो सरळ खाली गेला. कोणता मंत्र म्हणायचा ते मला माहीत नव्हतं आणि ज्यांना माहीत होता ते म्हणाले नाहीत.

वडील दुपारच्या गाडीने गेले. जाताना वर आले नाहीत. पुढे धाकटीचं लग्न झालं, असं कोणाकडून तरी कळलं.

ती आमच्याकडे राहिली. तुमच्या बाबांना ती माझी विद्यार्थिनी म्हणूनच ठाऊक होती. बरी झाली असं मी म्हणणार नाही. लगीनघरात बार उडाले की जिन्याखाली जाऊन बसायची, कधी दोन दोन दिवस बोलायची नाही. एकदा मला म्हणाली, "माझ्या हातून गेले त्यांची नावं मला माहीत नाहीत, टीचर. त्यांच्यासाठी काय असतं?" आजोबा पलीकडच्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं. सर्वपित्री अमावास्येला त्यांनी नाव-गोत्र माहीत नसलेल्यांसाठी एक जादा पिंड ठेवला आणि तिला पाणी सोडायला बोलावलं. ती गेली. त्यांच्यात एवढंच झालं. तिच्या हातचं ते आनंदाने जेवायचे, आणि घाटाविषयी त्यांनी कधी शब्द काढला नाही. माझ्याकडेही नाही. मी वाट पाहिली. पहिली काही वर्षं रोज पाहिली.

घरात पूजा असली की यजमानाने संकल्प सोडताना बायकोने त्याच्या हाताला हात लावायचा असतो. त्यानंतर मी तो लावला नाही. गुडघे दुखतात, पाटावर बसवत नाही, असं सांगायची. तुमच्या बाबांना वाटलं संधिवात आहे, त्यांनी तेल पाठवलं. आजोबांना कारण ठाऊक होतं. त्यांनी कधी आग्रह केला नाही, आणि तेही मला लागलं.

आम्ही त्यानंतरही जवळजवळ तीस वर्षं बरोबर राहिलो. त्यांच्या आजारपणात मी सगळं केलं. ते चांगले गृहस्थ होते, तुमचे लाड करायचे, आणि पाठशाळेतल्या मंडळींनी सांगितलं त्यातलं बाकी सगळं खरं आहे.

तिने माझ्याकडे अभ्यास करून परीक्षा दिल्या, नोकरी मिळवली, आपल्या पसंतीने लग्न केलं. आता पन्नाशीला आली आहे, तमिळनाडूत एका शाळेत लहान मुलांना शिकवते, आणि तिला एक मुलगी आहे. रविवारी आम्ही फोनवर बोलतो, इंग्रजीत. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहिता लिहिता हेही सांगते, कारण ते सांगायला माझ्याशिवाय कोणी नाही: तुम्हाला एक आत्या आहे.